कागदाची ओल ओळखायला शिका: जलरंगांशी खेळताना पहिली पावलं

आपल्याकडे रंगांची ओळख बहुतेकांना शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांमधून होते. पोस्टर कलर घ्यायचा, रेषेच्या आत सपाट भरायचा, कडेला ओघळ येऊ द्यायचा नाही. हाताला शिस्त लावायला तो सराव फार चांगला. पण त्यातून पाणी म्हणजे धोका अशी समजूत मनात घर करून बसते. मग पुढे कधीतरी हौसेनं जलरंगांची पेटी आणली, तरी रंग जरा पसरला की हात आखडतो आणि पेटी कपाटात जाते.

म्हणून हा लेख चित्र काढायला शिकवत नाही. फूल, होडी, डोंगर यातलं काहीही सुरुवातीला नको. आधी पाणी, रंग आणि कागद एकमेकांशी कसे वागतात ते बघायचं आणि त्यांना वेगवेगळ्या वस्तूंनी डिवचून बघायचं. जलरंगाच्या तंत्रांची नावं पुष्कळ आहेत, पण त्यातली बहुतेक सगळी एकाच प्रश्नावर येऊन थांबतात: रंग लावला त्या क्षणी कागद किती ओला होता? हे एकदा डोळ्यांना दिसायला लागलं की पुढची वाट फार सोपी होते.

काय आणायचं आणि कशावर पैसे वाचवायचे

खर्च करायचा तर कागदावर करा. रंग विद्यार्थ्यांच्या प्रतीचे चालतील, ब्रश सिंथेटिक चालतील, पण चित्रकलेच्या वहीचा पातळ कागद अजिबात चालणार नाही. जलरंगाच्या कागदाला बनवतानाच जिलेटिन किंवा स्टार्चसारख्या खळीचा हात दिलेला असतो, त्याला सायझिंग म्हणतात. त्यामुळे पाणी लगेच आत मुरत नाही, थोडा वेळ वरच राहतं, आणि आपला सगळा खेळ तेवढ्या वेळातच चालतो. साध्या कागदावर रंग टेकताक्षणी शोषला जातो, दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की कागदाचे तंतू सुटतात आणि नवख्याला वाटतं की आपल्याला जमत नाही.

दुकानात ३०० जीएसएमचा म्हणजे चांगला जाड, थोडा खडबडीत, कोल्ड प्रेस्ड कागद मागा. सुती कागद सर्वांत उत्तम, पण महाग. सुरुवातीला सेल्युलोजचा घेतला तरी हरकत नाही. पूर्ण शीट साधारण २२ × ३० इंचांची येते. ती दोन्ही बाजूंनी चार-चार भागांत कापली की साडेपाच बाय साडेसात इंचांचे १६ तुकडे होतात. खेळायला हा आकार अगदी योग्य. तुकडा लहान असला की तो वाया जाण्याची भीती वाटत नाही.

रंग तीनच घ्या: अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना आणि एखादा पिवळा, गॅम्बोज किंवा लेमन यलो. पांढरी आणि काळी ट्यूब पेटीत असली तरी पहिले काही आठवडे बाजूला ठेवा. जलरंगात पांढरा म्हणजे कागद, आणि काळ्याच्या जवळ जाणारे सुंदर गडद रंग अल्ट्रामरीन व बर्न्ट सिएना मिसळून मिळतात. ट्यूबमधल्या काळ्याला ती सर नाही.

ब्रश दोन: एक दहा किंवा बारा नंबरचा गोल, एक इंचभर रुंदीचा चपटा. रंग कालवायला चिनी मातीची पांढरी बशी घ्या, कारण नव्या प्लॅस्टिकच्या पॅलेटवर रंगाचे थेंब थेंब होतात, नीट पसरत नाहीत. पाण्याची भांडी दोन, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ पाणी घ्यायला. जुनं सुती फडकं. कागद चिकटवायला मास्किंग टेप आणि परीक्षेला नेतो ते पॅड. पॅड उचलून तिरकं करता येतं, आणि ते आपल्याला वारंवार करायचं आहे.

बाकीचं घरातलं: जुना टूथब्रश, पांढरी मेणबत्ती, खडेमीठ, मुदत संपलेलं एटीएम कार्ड, सुतळी, केरसुणीच्या दोन-चार काड्या, स्प्रेची बाटली. आणि मिळाला तर बोरू, म्हणजे टोक छाटलेली जुन्या पद्धतीची लेखणी.

पहिलं पाऊल: ठिपक्यांची रांग

सगळ्यांत आधी हेच करा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. तुकड्याच्या चारही कडा टेपनं पॅडवर चिकटवा. चपट्या ब्रशनं स्वच्छ पाणी सगळ्या कागदावर दोन-तीनदा फिरवा, म्हणजे ते थोडं आतही जिरेल. दरम्यान बशीत अल्ट्रामरीन कालवून ठेवा, दुधाइतका दाट. आता कागदाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात गोल ब्रशच्या टोकानं एक ठिपका ठेवा. एक मिनिट थांबा. त्याच्या शेजारी दुसरा. पुन्हा एक मिनिट. असं कागद पूर्ण वाळेपर्यंत करत राहा.

पहिला ठिपका फुटून हातभर पळतो, त्याचा ठिपका उरतच नाही. पुढचे काही मऊ, लोकरीसारखे पसरतात. मग एक टप्पा येतो जिथे ठिपका जागेवर राहतो, पण कड धूसर असते. त्यानंतर अचानक एखादा ठिपका विचित्र वागतो, त्याच्याभोवती कातरलेली, वेडीवाकडी कड उठते. आणि शेवटचे ठिपके गोल, स्वच्छ, धारदार कडेचे.

ठिपका ठेवण्याआधी प्रत्येक वेळी डोकं खाली करून कागदाकडे आडवं बघा, खिडकीचा उजेड त्यावर पडेल असं. चार अवस्था दिसतील. थबथबीत: पाणी साचलंय, पॅड हलवलं की सरकतं. चकचकीत: साचलेलं पाणी नाही, पण सगळीकडे सारखी चमक आहे. दमट: चमक गेली, पण तळहाताची मागची बाजू हलकेच टेकवली तर गार लागतं. आणि कोरडा: गारवाही गेला. हाताची मागची बाजूच टेकवायची, बोटं नाहीत. बोटांचं तेल कागदाला लागलं की तिथे रंग नीट बसत नाही.

यात मिनिटांचा ठरावीक हिशेब सांगता येत नाही. मे महिन्यात नागपुरात पंख्याखाली कागद बघता बघता वाळतो, आणि जुलैत रत्नागिरीत तोच कागद दमटच्या दमट राहतो. परदेशी व्हिडिओंमध्ये ‘अमुक मिनिटं थांबा’ म्हणतात, ते आपल्या हवेत तंतोतंत लागू पडत नाही. चमक बघायची, घड्याळ नाही. उन्हाळ्यात पंखा बंद करा आणि कागदाची मागची बाजूही पाण्यानं ओली करून मग पॅडवर ठेवा, वेळ बराच वाढतो. पावसाळ्यात धीर धरा. हेअर ड्रायर मात्र शिकण्याच्या काळात वापरू नका. कागद कसा वाळतो हेच तर बघायचंय, आणि ड्रायर नेमकं तेच झाकून टाकतो.

या तुकड्यावर मागे तारीख आणि हवा लिहून ठेवा: ‘पाऊस, खिडकी बंद’. दुसऱ्या ऋतूत पुन्हा करून दोन्ही शेजारी ठेवाल तेव्हा कळेल.

दुसरं पाऊल: कातरलेले डाग मुद्दाम पाडा

रांगेतला तो विचित्र ठिपका आठवतोय? दमट कागदावर कागदापेक्षा जास्त ओला ब्रश टेकला की असं होतं. जादाचं पाणी कोरड्या दिशेनं ढकललं जातं, वाटेत आधीच्या रंगाचे कण उचलतं आणि जिथे थांबतं तिथे ते टाकून देतं. त्या जागी गडद कड तयार होते. मेजावर सांडलेला चहा वाळला की त्याच्या काठाला जी रेघ उरते, तिच्यामागेही असाच कणांचा प्रवास असतो: कडेला पाणी लवकर उडतं, आतलं पाणी ती जागा भरायला कडेकडे धावतं आणि कण सोबत नेतं.

नवशिक्याचं निम्मं वैतागणं या डागांमुळे असतं. आभाळ छान झालेलं असतं, एका जागी जरा फिकं वाटतं म्हणून ब्रश बुडवून टेकवला जातो आणि सगळं बिघडतं. यावर उपाय म्हणजे डाग इतके पाडायचे की ते आपल्या हुकमात यावेत. कागदावर बर्न्ट सिएनाचा एकसारखा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर द्या. चमक जाईपर्यंत थांबा. मग स्वच्छ पाण्याचा एकच थेंब सोडा आणि हात मागे घ्या. थेंब आधी फुगून राहतो, मग त्याची कड हळूहळू सरकू लागते, तिला दाते फुटतात, आत फिकट जागा उघडत जाते. पूर्ण वाळेपर्यंत तो बदलतच असतो. दुसरा थेंब थोड्या वेळानं, तिसरा आणखी उशिरा. प्रत्येकाचा आकार निराळा येईल. दगडी भिंत, जुना गिलावा, दाट झाडोरा, लांबचे ढग, सगळं या डागांमधून मिळतं, आणि ब्रशनं रंगवून ते कधीच तितकं खरं दिसत नाही.

यातून एक नियम आपोआप हाताशी येतो. कागद दमट असताना डाग नको असेल तर ब्रश कागदापेक्षा कोरडा हवा आणि रंग दाट हवा. पाण्यातून काढलेला ब्रश आधी फडक्याला टेकवा, मगच रंगात. ही सवय जडली की निम्मी लढाई जिंकली.

तिसरं पाऊल: दोन रंग सोडा, आपण बाजूला व्हा

चकचकीत ओल्या कागदाच्या एका बाजूला अल्ट्रामरीन, दुसऱ्या बाजूला बर्न्ट सिएना सोडा. पॅड तिरकं करा, दोघांना मध्ये भेटू द्या. ब्रशनं ढवळू नका. अल्ट्रामरीनचे कण एकत्र गोळा होऊन कागदाच्या खळग्यांत बसतात, म्हणून वाळल्यावर निळा दाणेदार दिसतो. मधल्या राखाडी पट्ट्यात जवळून बघा: तो सपाट राखाडी नसतोच, निळे आणि तांबूस दाणे शेजारी शेजारी बसलेले असतात. पावसाळी आभाळाचा रंग हवा असेल तर हाच.

आता तोच प्रयोग प्रशियन ब्लू किंवा थॅलो ब्लू घेऊन करा, शेजाऱ्याकडून उसना आणलात तरी चालेल. हे रंग दाणेदार होत नाहीत, कागदाला डसतात. वाळल्यावर ओल्या ब्रशनं घासून फडक्यानं टिपून बघा. अल्ट्रामरीन बराचसा उचलला जाईल, थॅलो जागचा हलणार नाही. कुठला रंग माघार घेतो आणि कुठला नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

चौथं पाऊल: मीठ, मेण, स्पिरिट

या तिन्ही गोष्टी गमतीच्या आहेत आणि म्हणूनच त्यांचा अतिरेकही फार होतो. सगळं चित्र मिठानं भरलं की ते मिठाचंच चित्र दिसतं. तरी करून बघायलाच हवं.

मिठाची वेळ फार नाजूक. कागद चकचकीत असताना टाकलं तर ते विरघळून जातं, दमट झाल्यावर टाकलं तर काही घडत नाही. चमक ओसरायला लागली, पण अजून पूर्ण गेली नाही, तो क्षण पकडायचा. खडेमीठ जरा भरडून, वरून, विरळ टाका. प्रत्येक खडा आपल्याभोवतीचं पाणी ओढून घेतो आणि त्याच्याभोवती फिकट चांदणी उमटते. पावसाळ्यात डब्यातलं मीठ आधीच पाणी पिऊन बसलेलं असतं, ते काही ओढत नाही, तेव्हा तव्यावर कोरडं परतून, गार करून वापरा. कागद खडखडीत वाळला की मगच मीठ हातानं झटका. घाई केली तर मिठाबरोबर रंगही पुसटतो.

मेणबत्ती कोरड्या कागदावर, रंगाच्या आधी. खडबडीत कागदावर ती आडवी धरून हलकेच ओढा, म्हणजे मेण फक्त उंचवट्यांना लागेल. वरून गडद निळा वॉश दिला की पांढरे तुटक ठिपके झगमगतात. तळ्यावरचं ऊन दाखवायला याहून सरळ युक्ती नाही. मेण पुन्हा निघत नाही, त्यामुळे आधी ठरवून लावा.

सर्जिकल स्पिरिटचा थेंब चकचकीत वॉशवर टाकला की रंग चहूबाजूंनी मागे सरतो आणि गोल कडं उमटतं. स्पिरिटचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी असतो, म्हणून पाणी त्याला सोडून बाहेरच्या बाजूला ओढलं जातं. खिडकी उघडी ठेवा, आणि गॅस, उदबत्ती, निरांजन यांच्या जवळ हे मुळीच करू नका. मुलं सोबत असतील तर स्पिरिट तुमच्याच हातात राहू द्या.

पाचवं पाऊल: खुणांची वही

इथवर पाणी काम करत होतं. आता हात चालवायचा. ब्रश हे खुणा उमटवायचं एक साधन झालं, एकमेव नव्हे. आपल्याकडे तर याची परंपराच आहे. वारली चित्रं काढणारे बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करतात आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात बुडवतात. मोडी आणि देवनागरी पोथ्या बोरूनं लिहिल्या गेल्या.

बोरूचं टोक तिरकं छाटलेलं असतं, त्यामुळे एकाच रेघेत जाड-बारीक दोन्ही मिळतं. जरा दाट रंगात बुडवा आणि कोरड्या कागदावर एका दमात लांब रेघ ओढा. रंग संपत येतो तशी रेघ तुटक होत जाते. ते तुटणं फार देखणं असतं, पुन्हा बुडवून ती जोडायला जाऊ नका. मग तशीच ओली रेघ ओढून तिच्या अर्ध्या भागावर स्प्रेनं पाणी मारा. अर्धी धारदार राहील, अर्धी फुलून जाईल.

एका तुकड्यावर एकच साधन, असं ठरवून पान भरा. केरसुणीची काडी टोकानं, मग आडवी. सुतळी रंगात भिजवून कागदावर वळणानं ठेवा, वर दुसरा कागद दाबून सुतळी ओढून घ्या. टूथब्रशवर दाट रंग घेऊन अंगठ्यानं शिंतोडे उडवा, कोरड्या कागदावर आणि लगेच शेजारी ओल्या कागदावर. भेंडीचे ठसे शाळेत सगळ्यांनी मारलेले असतात, पण तेव्हा ते कोरड्या कागदावर असत. तीच भेंडी दमट कागदावर दाबा: पाकळ्यांच्या कडा विरतात आणि ठसा आतून उजेड आल्यासारखा दिसतो. चपटा ब्रश जवळजवळ कोरडा करून झपकन आडवा ओढला की कागदाचा खडबडीतपणा वर येतो, याला ड्राय ब्रश म्हणतात. वाळलेलं गवत, जुनं लाकूड, पाण्यावरची चमक, सगळीकडे कामाला येतो.

एटीएम कार्डाची खूण स्वतंत्र सांगायला हवी, कारण ती पुन्हा ओलीवरच अवलंबून आहे. गडद वॉश दमट असताना कार्डाची कड दाबून ओढली की रंग बाजूला सारला जातो आणि फिकट रेघ उघडते: गवताची पाती, झाडाचं खोड, खडकाचा पैलू. हेच कागद चकचकीत असताना केलं तर उलट घडतं. कागदावर चर पडतो, रंग त्यात वाहून येतो आणि रेघ भोवतालापेक्षा गडद होते. दोन्ही करून शेजारी लावा.

प्रत्येक खुणेच्या खाली पेन्सिलनं दोन शब्द लिहा: कशानं, कागद कसा होता. पंधरा-वीस तुकडे झाले की ही तुमची स्वतःची वही. कुठल्याही पुस्तकापेक्षा ती जास्त उपयोगी, कारण ती तुमच्या हाताची, तुमच्या रंगांची आणि तुमच्या गावच्या हवेची आहे.

सहावं पाऊल: खेळातून चित्र शोधा

आता जमलेले तुकडे पसरा. पुठ्ठ्याला पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची चौकट कापा आणि ती एकेका तुकड्यावरून सरकवत न्या. कुठेतरी डाग, मीठ आणि एखादी रेघ मिळून डोंगराची कड किंवा पाण्याकाठची झाडी दिसेल. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये अलेक्झांडर कझन्स आपल्या शिष्यांना शाईच्या डागांमधूनच निसर्गचित्रांच्या कल्पना शोधायला सांगत असे. जिथे दिसेल तिथे पेन्सिलनं हलकी खूण करा आणि दोन-तीनच गडद स्पर्श द्या. जास्त नाही. पाण्यानं केलेलं काम झाकलं जाता कामा नये.

पांढरं राखायला शिकायचं असेल तर सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ बघा. सावंतवाडीचा हा चित्रकार, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेला. हातात समई घेतलेली, दुसऱ्या हातानं ज्योत झाकणारी स्त्री, बोटांच्या फटींतून येणारा तांबूस उजेड. अनेकजण ते राजा रवि वर्म्यांचं तैलचित्र समजतात, पण ते जलरंगात केलेलं आहे आणि म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. बोटांवरचा उजेड आणि भोवतीचा काळोख यांच्यामध्ये किती पायऱ्या आहेत ते मोजत बघा. मग एका तुकड्यावर फक्त एवढंच करा: मध्ये रुपयाएवढी जागा कोरडी सोडा, भोवती पाणी फिरवा, आणि बाहेरून आत गडदाकडून फिक्याकडे रंग आणा. कोरड्या जागेला पाणी शिवू द्यायचं नाही. रंग तिच्या काठाशी येऊन आपोआप थांबतो, कारण पाणी जिथे नाही तिथे तो जात नाही.

जपणूक

ब्रश भांड्यात टोकावर उभे ठेवू नका, टोक कायमचं वाकतं. धुऊन, टोक जुळवून आडवे वाळवा. ब्रश तोंडात घालून टोक काढायची सवय असेल तर सोडून द्या, काही रंगद्रव्यं विषारी असतात. बशीत वाळलेला रंग फेकायचा नसतो, पाण्याचा थेंब टाकला की तो पुन्हा जिवंत होतो.

कोरा कागद पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत, नीट बंद करून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा. ओल लागली की त्याची खळ जागोजागी मरते आणि त्या ठिकाणी रंग ठिपक्याठिपक्यांनी आत मुरतो. अशा कागदावर वॉश एकसारखा येत नाही, पण बोरूच्या आणि ड्राय ब्रशच्या सरावाला तो चालतो. आणि एका बाजूनं वापरलेले तुकडे टाकू नका, मागची बाजू कोरी आहे. पुढची ठिपक्यांची रांग तिच्यावर करा.